सुशीवाल्या ताईंचा भात

मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी साडेसातला मी जळगावातल्या सुशीवाल्या ताईंकडं पोचले आणि सॅल्मनची निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर कच्च्या माशाची काप, मागितली. काउंटरमागच्या ताई म्हणाल्या, "आज मासा नाही देणार, ताई. दुपारी चार तास लाइट नव्हती. फ्रीजर उणे अकरापर्यंत वर आला होता."

तो मासा खराब झालेला नव्हता. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. उणे अकराला मासा गोठलेलाच असतो. पण कच्चा वाढायचा नाही म्हणजे नाही. त्यांनी सगळे तुकडे शिजवायच्या पदार्थांसाठी बाजूला काढून ठेवले होते आणि फळ्यावर सॅल्मनच्या ओळीवर खडूनं रेघ मारली होती. शनिवारची संध्याकाळ, गिऱ्हाइकं दारात उभी, आणि सगळ्यात महाग पदार्थ त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केलेला. या जागेबद्दल नीट लिहायचं हे मी त्याच दिवशी ठरवलं. पण घाई केली नाही. उन्हाळा, पाऊस, हिवाळा असे तिन्ही ऋतू तिथं जेवले. चौदा वेळा तरी गेले असेन. आता लिहिते.

आधी मी कोण ते सांगते, कारण माझं मत कुठून येतं हे वाचणाऱ्याला कळायला हवं. मी सावद्याजवळच्या एका केळीच्या पॅकहाउसमध्ये गुणवत्ता तपासते. एकोणीस वर्षं झाली. घड उतरला की फण्या काढणं, चीक धुणं, एकेका केळाची जाडी मोजणं, खोक्यात भरणं आणि मग कंटेनर. परदेशी जाणारी केळी साडेतेरा अंशांवर ठेवतात. तापमान बाराच्या खाली गेलं की सालीचा रंग मरतो, ती राखाडी पडते, आणि ते केळ पुढं नीट पिकतही नाही. दोन अंशांच्या चुकीनं अख्खा कंटेनर नापास झालेला मी पाहिला आहे. त्यामुळे कुठल्याही हॉटेलात मासा समोर आला की तो कुठून आला, किती वेळ कुठल्या तापमानात होता, हे प्रश्न माझ्या डोक्यात आपोआप येतात. आणि जळगावात, जिथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि समुद्र तीनशे किलोमीटरवर आहे, तिथं ते यायलाच हवेत.

जागा महाबळच्या बाजूला आतल्या गल्लीत आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, बाजूनं जिना, वर एक लांबट खोली. काउंटरला सहा खुर्च्या, भिंतीलगत तीन टेबलं. पाटीवरचं नाव कुणी घेत नाही. सगळे "सुशीवाल्या ताईंकडं" एवढंच म्हणतात आणि रिक्षावाल्यांनाही तेवढं पुरतं. ताई मूळच्या पाचोऱ्याकडच्या. पुण्यात एका जपानी हॉटेलच्या स्वयंपाकघरात सहा वर्षं होत्या. त्यांतली पहिली दीड वर्षं फक्त तांदूळ धुतला आणि भात लावला, असं त्या सांगतात. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नसते, अभिमान असतो. आणि तो अभिमान ताटात दिसतो.

कारण सुशी म्हणजे कच्चा मासा हा आपल्याकडचा समज मुळातच चुकीचा आहे. सुशी म्हणजे भात. तांदळाचा शिरका, साखर आणि मीठ लावलेला भात. सुशी या शब्दाचा मूळ अर्थच "आंबट" असा आहे. त्या भातावर किंवा भातात मासा असेल, अंडं असेल, काकडी असेल, काहीच नसेल तरी चालेल. पण भात बिघडला तर वर सोन्याचा वर्ख लावला तरी ती सुशी होत नाही. गंमत अशी की अगदी जुन्या प्रकारात भात खात नसत, टाकून देत. मासा मिठात घालून, मग शिजवलेल्या भातात महिनोन्महिने दाबून ठेवायचा. भात आंबायचा आणि त्या आंबटपणानं मासा टिकायचा. जपानमध्ये बिवा सरोवराच्या काठी गोड्या पाण्यातल्या माशाची फुनाझुशी अजून तशीच करतात. म्हणजे सुशीचा जन्म मासा टिकवायच्या गरजेतून झाला. शिरका लावून लगेच खायचा भात नंतर आला. आणि हातानं दाबलेल्या भातावर माशाची काप ठेवलेली निगिरी तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, एदो शहरातली, म्हणजे आजच्या टोकियोतली. तिथं ती रस्त्यावरच्या गाड्यांवर विकली जायची, घाईतल्या माणसांसाठी.

दोन वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात मी पहिल्यांदा खान्देशात सुशी खाल्ली होती. नाव घेत नाही. भात फ्रीजमधून थेट आला होता. दाणा बाहेरून चिवट, आतून खडूसारखा. शिजलेला भात शून्य ते चार अंशांच्या आसपास ठेवला की त्यातला स्टार्च सगळ्यात लवकर पुन्हा घट्ट होतो. म्हणून फ्रीजमधला कालचा भात परतायला उत्तम, पण तसाच थंड खायला वाईट. त्यावर त्यांनी मेयोनीज ओतलं होतं, वर शेजवान चटणी. सोबत आलेल्या माझ्या भावजयीनं एक तुकडा खाऊन ताट सरकवलं आणि म्हणाली, "वन्सं, जपानी लोक हे रोज कसं खात असतील?" मला तिच्यापेक्षा त्या जपानी लोकांचं जास्त वाईट वाटलं.

सुशीवाल्या ताईंकडं भात हाताइतका कोमट असतो. प्रत्येक वेळी. तांदूळ चार-पाच पाण्यांतून धुऊन अर्धा तास भिजवतात, पातेल्यात कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचा एक तुकडा टाकतात. शिजला की दहा मिनिटं झाकण उघडत नाहीत. मग लाकडी पसरट परातीत काढतात. या परातीला हांगिरी म्हणतात. लाकूड जास्तीचं पाणी ओढून घेतं, स्टीलची परात ते काम करत नाही. शिरक्याचं पाणी उलथन्यावरून शिंपडतात आणि उलथनं उभं धरून भात कापल्यासारखा हलवतात, दाणा चेपू देत नाहीत. त्याच वेळी एक मुलगा बाजूला उभा राहून हातपंख्यानं वारा घालतो. वाऱ्यानं वरचं पाणी उडतं आणि दाण्याला चकाकी येते. मग ओलं फडकं झाकून ठेवतात. संध्याकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर हे सगळं काउंटरवरून बघायला मिळतं. अवश्य बघा. आमच्या आजीनं पुरणपोळीच्या मांड्याला जेवढं मन लावलं असेल तेवढं मन त्या परातीत आहे.

तांदूळ दोन प्रकारचे वापरतात आणि विचारलं की सरळ सांगतात. निगिरीसाठी जपानी जातीचा आखूड, गोल दाण्याचा तांदूळ. गुंडाळ्यांसाठी, म्हणजे माकीसाठी, आणि इनारीसाठी, म्हणजे टोफूच्या पिशवीत भरलेल्या भातासाठी, आपला इंद्रायणी. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला, १९८७ सालचा वाण. आंबेमोहोर आणि आयआर ८ यांच्या संकरातला. चिकटपणा पुरेसा, वास सुंदर. पण तो वासच इथं थोडा आडवा येतो. तोंडात आधी आंबेमोहोरी सुगंध येतो, शिरका मागून. निगिरीत हे खपलं नसतं, कारण तिथं भात उघडा असतो. समुद्री शेवाळाच्या, म्हणजे नोरीच्या, गुंडाळीत मात्र समुद्राचा वास आणि इंद्रायणीचा वास एकमेकांना सांभाळून घेतात. हे माझं मत. ताईंचं मत असं, की सगळीकडं जपानी तांदूळ वापरला तर सहा तुकड्यांचे दीडशे रुपये घेता येणार नाहीत. दोन्ही मतं खरी आहेत.

आता नोरी. ही समुद्री शेवाळाची कागदासारखी पातळ शीट. चांगली नोरी कडकन तुटली पाहिजे. ओठांवर चिवट लागली, दातांनी ओढावी लागली, तर ती ओलावा धरून बसलेली आहे. इथं जळगावच्या हवेचा मोठा फायदा आहे, जो माझ्या आधी कधी लक्षात आला नव्हता. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की पाकिटातून काढलेली नोरी शेवटच्या तुकड्यापर्यंत कुरकुरीत राहते. मुंबईत खाल्लेली एकही तेमाकी, म्हणजे नोरीचा द्रोण, मला इतकी कडक मिळाली नव्हती. ऑगस्टमध्ये मात्र तेच गणित उलटतं. पावसाळ्यात मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा नोरी नरम होती. दुसऱ्या वेळी मी बोलले. पुढच्या खेपेला ताईंनी प्रत्येक शीट शेगडीवर दोन सेकंद धरून मग भरायला सुरुवात केली होती. बोललेलं ऐकणारं स्वयंपाकघर मला फार आवडतं.

नोरीची एक गोष्ट मी आईला त्या काउंटरवर बसून सांगितली होती, ती इथं सांगते. जपानी कोळी शेकडो वर्षं नोरी वाढवत होते, पण तिचं बी कुठून येतं ते कुणालाच माहीत नव्हतं. एखाद्या वर्षी पीक यायचं, एखाद्या वर्षी नाही. मग १९४९ साली कॅथलीन ड्रू-बेकर या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञ बाईंनी शोधून काढलं की हे शेवाळ आयुष्याचा एक टप्पा शिंपल्यांच्या कवचात, अगदी वेगळ्या रूपात काढतं. त्या एका शोधावरून नोरीची नेमानं लागवड करता येऊ लागली. त्या स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत. पण कुमामोतो प्रांतातल्या उतो शहरात दर वर्षी १४ एप्रिलला त्यांच्या स्मारकाशी लोक जमतात. टिश्यूकल्चरच्या रोपांनी आपल्या केळीबागांचं काय केलं ते ज्यांनी रावेर-यावलमध्ये बघितलंय, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आई अमळनेरची. वय त्र्याहत्तर. शाकाहारी, आणि बाहेरचं फारसं न खाणारी. तिला मी डिसेंबरात पहिल्यांदा नेलं. जिना चढून आल्यावर तिनं पाणी प्यायलं, ताईंच्या हातातल्या बांबूच्या चटईकडं बघितलं आणि मला हळूच विचारलं, "हाई काय शे वं?" मी म्हटलं, खाऊन बघ. ताईंनी तिच्यापुढं कानप्यो माकीचे सहा तुकडे ठेवले. बाहेर नोरी, आत भात, मध्ये तपकिरी, मऊ, गोडसर अशा पट्ट्या. आईनं एक तुकडा हातानं उचलला. ताई म्हणाल्या, हातानंच खा मावशी, तसंच खातात. आई चावत राहिली. मग तिचा चेहरा बदलला.

"हाऊ ते आपला दुधी शे!"

खरंच दुधी. कानप्यो म्हणजे दुधी भोपळ्याच्या जातीच्या फळाच्या लांब पट्ट्या सोलून उन्हात वाळवायच्या, मग भिजवून, मिठानं चोळून, उकडून, सोया सॉस आणि साखरेत मुरवायच्या. जपानमध्ये तयार होणारा जवळजवळ सगळा कानप्यो तोचिगी प्रांतातला असतो. टोकियोच्या जुन्या दुकानांत नुसतं नोरीमाकी म्हटलं तर हाच पुढ्यात येतो, इतका तो तिथं मुरलेला आहे. ताई मात्र तो विकत घेत नाहीत. एप्रिलमध्ये बाजारातून कोवळे दुधी आणून, बियांचा गाभा सोडून पट्ट्या काढतात आणि गच्चीवर दोरीला टांगतात. दीड दिवसात खडखडीत वाळतात. वर्षभराचा साठा तीन आठवड्यांत होतो. हे ऐकल्यावर आई आणि ताई यांचं जे बोलणं सुरू झालं ते मला मध्ये पडून थांबवावं लागलं. बिबडे कुठल्या ज्वारीचे, पट्टी वाळताना काळी पडू नये म्हणून काय करायचं, रात्री दव पडतं तेव्हा काढून घेता का. ताईंनी वही काढून आईचं म्हणणं लिहून घेतलं. आई एरवी परक्या ठिकाणी गप्प असते.

त्या पट्ट्यांना चव अशी आहे की आधी सोयाचा खारटपणा, मग साखर, आणि शेवटी दुधीचा स्वतःचा हिरवट गंध, जो वाळवणात टिकून राहतो. दाताखाली किंचित करकरतो. इंद्रायणीचा भात त्याला छान जातो. माझ्या मते या जागेतला दुसऱ्या क्रमांकाचा पदार्थ हाच.

पहिला क्रमांक वांग्याचा.

भरिताचं हिरवं वांगं खान्देशाबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण असतं. पांढरट हिरवं, हातभर मोठं, बिया अगदी कमी, भाजलं की लोण्यासारखं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, पण ते कागद यायच्या कितीतरी आधीपासून थंडीत शेतात तुराट्या पेटवून त्यावर ही वांगी टाकायची आणि कळण्याची भाकरी घेऊन बसायचं, हे आपल्याकडं चालत आलेलं आहे. ताई याच वांग्याची निगिरी करतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच. वांगं तुराट्यांवर पूर्ण भाजतात, साल काढतात, ठेचत नाहीत. देठाकडून उभ्या लांब फोडी करतात. भाताच्या छोट्या मुटक्यावर ती फोड ठेवून वर किसलेलं आलं आणि सोया सॉसचा एक थेंब. नोरीची बारीक पट्टी मधोमध बांधलेली, नाहीतर फोड घसरते.

यात मिरची नाही, लसूण नाही, तेल नाही, शेंगदाणे नाहीत. भरिताची आठवण येईल आणि ते भरित नसेल म्हणून निराशा होईल, अशी मला धास्ती होती. तसं झालं नाही. धुराचा वास आधी येतो. मग वांग्याची गोडी, जी भरितात मिरचीखाली दडून जाते आणि जी मी चाळीस वर्षांत कधी इतकी उघडी चाखली नव्हती. मग खालून कोमट आंबट भात. आमच्या वांग्यात एवढी गोडी आहे हे मला एका जपानी पदार्थानं दाखवलं. डोळ्यांत पाणी आलं, ते आल्यानं नव्हतं.

आणि हे काही ओढूनताणून केलेलं मिश्रण नाही. भाजलेलं वांगं, वर आलं आणि सोया, हा जपानी घरांतला रोजचा पदार्थ आहे, त्याला याकीनासू म्हणतात. तो भातावर ठेवणंही तिथं चालतं. ताईंनी फक्त वांगं इथलं घेतलं. गावातली पोरं त्यांच्याकडं शेवभाजी रोल मागतात, चीज रोल मागतात. त्या हसून नाही म्हणतात. शेवभाजी खायला पन्नास चांगल्या जागा आहेत, मी काय नवीन देणार, असं त्यांचं उत्तर. मला ते पूर्ण पटतं.

आता मासा, ज्याच्यासाठी बहुतेक लोक जिना चढतात. सॅल्मन नॉर्वेचा, मत्स्यशेतीतला, गोठवलेला, मुंबईहून येतो. आपला रावस हा सॅल्मन नव्हे, वेगळा मासा आहे. काही हॉटेलांत "इंडियन सॅल्मन" लिहून रावस देतात, तेवढं लक्षात ठेवा. गंमत म्हणजे जपानी लोकही सॅल्मन कच्चा खात नसत, त्यांच्याकडच्या सॅल्मनमध्ये जंत असायचे म्हणून. १९८० च्या दशकात नॉर्वेनं आपला मत्स्यशेतीतला सॅल्मन तिथं नेला, कच्चा खाता येतो हे पटवायला कितीतरी वर्षं घालवली, आणि आज तो सुशीत सगळीकडं आहे.

कच्च्या माशाबद्दल अमेरिकेच्या अन्न खात्याचा दंडक असा आहे की जंत मरायला मासा उणे वीस अंशांवर सात दिवस, किंवा उणे पस्तीसला पूर्ण गोठवून त्याच तापमानात पंधरा तास ठेवावा. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्याचा भरवसा धरू नका. म्हणजे "ताजा, न गोठवलेला मासा" ही सुशीच्या बाबतीत दरवेळी कौतुकाची गोष्ट नसते. आणि गोठवल्यानं जंत मरतात, सगळे जिवाणू मरत नाहीत. म्हणून विरघळल्यानंतरची थंडीही तितकीच जपावी लागते. मी ताईंना फ्रीजर दाखवाल का म्हणून विचारलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. फ्रीजरला एक वही दोरीनं बांधलेली आहे. सकाळी आणि संध्याकाळी आकडा, सही. लाइट गेली तर गेल्याची वेळ, आल्याची वेळ. मी वीस पानं उलटली. एकाही ओळीला खाडाखोड नव्हती आणि सगळे आकडे सारखेही नव्हते. उणे एकवीस, उणे तेवीस, उणे वीस. खोटी वही असली की सगळीकडं एकच आकडा असतो, हे मला माझ्या कामातून माहीत आहे.

निगिरी चांगली आहे. थोर नाही. सॅल्मनचा तुकडा नीट विरघळवलेला, पाणी सुटलेलं नाही, चरबी जिभेवर पसरते. पण काप थोडी जाड असते आणि भाताच्या मानानं मासा जड होतो. दोन तुकड्यांचे चारशे वीस रुपये. वर्षातून दोनदा ठीक. कोळंबीची निगिरी, शिजवलेली, मला त्यापेक्षा जास्त आवडली. कोळंबी वाकू नये म्हणून काडी टोचून उकडतात, आणि ती बरोबर वेळेत बाहेर काढलेली असते. खाताना निगिरी उलटी करून माशाची बाजू सोयात टेकवायची, भाताची नाही. भात सोया पिऊन फुटतो.

हिरव्या तिखट वासाबीबद्दल ताई खरं सांगतात: ट्यूबमधली आहे, हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळाची आणि मोहरीची. खरी वासाबी थंड वाहत्या पाण्यात वाढते, किसल्यावर तिचा झणका थोड्याच मिनिटांत उडून जातो, आणि ती इथवर आणणं त्यांना परवडत नाही. नाकात जाणारा झणका मोहरीसारखा वाटतो, कारण तो त्याच घराण्यातला आहे. आपल्या मिरचीसारखा तो जिभेवर रेंगाळत नाही. माझ्या भावानं पहिल्यांदा वाटाण्याएवढा गोळा एकदम तोंडात टाकला होता आणि मग पाच मिनिटं बोलला नाही. अर्ध्या ज्वारीच्या दाण्याएवढी पुरे.

शाकाहारी आणि जैन मंडळींसाठी हे काळजीपूर्वक लिहिते, कारण जळगावात हा प्रश्न प्रत्येक टेबलावर येतो. जपानी स्वयंपाकात "भाजीचा" दिसणारा पदार्थही माशाचा असू शकतो. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा; त्याच्या सूपचं पाणी, दाशी, बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाचं असतं. इनारीच्या टोफूच्या पिशव्याही अनेक ठिकाणी त्याच पाण्यात शिजवतात. मिरिन नावाच्या गोड द्रावणात मद्य असतं. ताई शाकाहारी पदार्थांसाठी कोंबू आणि वाळवलेल्या शिताके अळंबीचं वेगळं पाणी करतात, पातेलं वेगळं, डाव वेगळा. मिरिन त्यात घालत नाहीत. जैन मंडळींना ताई कप्पा माकी, म्हणजे काकडीची, आणि कानप्यो माकी देतात; शेवाळ आणि अळंबी आपल्याला चालते का ते मात्र ज्यानं त्यानं आधी बघावं. आलं चालत नाही म्हटलं की सोबतचं गुलाबी लोणचं आणि वांग्यावरचा कीस त्या स्वतःहून काढतात, मुळ्याचं लोणचंही वाढत नाहीत. गव्हाची ॲलर्जी असेल तर सोया सॉसपासून लांब राहा, त्यात गहू असतो. सोयाबीनच्या नावावर जाऊ नका.

उणिवा आहेत. मिसो सूप प्रत्येक वेळी शेवटी येतं, जेवण संपत आल्यावर. मी चार वेळा सांगून झालं. तेम्पुरा रोलमधलं तळलेलं रताळं टेबलावर येईपर्यंत मऊ पडतं, तो मागवू नका. दिवाळीच्या आठवड्यात गर्दी इतकी होती की भाताला साखर जास्त पडली, आणि त्या दिवशीचं जेवण मला आवडलं नाही. भिंतीलगतच्या टेबलांवर पंख्याचा वारा थेट येतो आणि भात पाच मिनिटांत वरून सुकतो, म्हणून काउंटरलाच बसा. उन्हाळ्यात एसी अपुरा पडतो. जिना अरुंद आहे आणि कठडा एकाच बाजूला. आईला चढवताना मला मागून हात द्यावा लागला. म्हाताऱ्या माणसांसाठी ताईंनी याचं काहीतरी करावं, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

काकडीची माकी दीडशे, कानप्यो एकशे ऐंशी, वांग्याची निगिरी दोन तुकडे एकशे साठ, इनारी तीन नग एकशे सत्तर. दोघांचं पोटभर शाकाहारी जेवण हजाराच्या आत होतं. सोमवारी बंद. बाकी दिवशी संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ, पण भात एकदाच लावतात आणि संपला की संपला. नऊला गेलात तर परत यावं लागेल. मासाच खायचा असेल तर त्या दिवशी मासा आहे का ते आधी फोनवर विचारा आणि नाही म्हटलं तर वाद घालू नका.

पार्सल शक्यतो नेऊ नका. नोरी दहा मिनिटांत भाताचा ओलावा धरते आणि निगिरीचा भात डब्यात चेपतो. याला अपवाद इनारीचा. गोड मुरवलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला आंबट भात, तो डब्यातच न्यायचा पदार्थ आहे. जानेवारीत आई अमळनेरला परत निघाली तेव्हा ताईंनी तिला सहा इनारी केळीच्या पानात बांधून दिल्या. चार तासांत खा मावशी, फ्रीजमध्ये ठेवू नका, असं दोनदा बजावलं. तीन तिच्यासाठी, तीन घरी वहिनीला चाखायला. मी तिला सुरतच्या गाडीत बसवून दिलं. घरी पोचल्यावर तिचा फोन आला. वहिनीला आवडल्या का, मी विचारलं.

"धरणगाव येवाना पहिलेच सरी ग्यात," आई म्हणाली. "आखो कधी जासूत?"